लोहाराचा वाटा

विळा लोहार घडवतो आणि पीक शेतकरी कापतो. विळा एकदा शेतकऱ्याच्या हाती गेल्यावर त्याने कापलेल्या कणसांवर लोहाराचा काही हक्क उरतो काय? आणि उलट बाजूने विचारावयाचे तर, त्या विळ्यावर ज्याचे पोट अवलंबून आहे त्याच्यासाठी लोहाराचे काही कर्तव्य उरते काय? प्रश्न जुना आहे. आपल्या गावगाड्याने त्याचे उत्तरही आपल्या परीने देऊन ठेवले होते. परंतु गेल्या काही वर्षांत हाच प्रश्न अशा एका धंद्यात उभा राहिला आहे की, त्याचे नाव ऐकून फराळाच्या ताटाभोवती जमलेली वडीलधारी मंडळी कदाचित हसतील. तो धंदा म्हणजे ब्राउझरमध्ये खेळावयाचे खेळ तयार करण्याचा.

संगणकावर वर्तमानपत्र वाचण्यासाठी आपण जी खिडकी उघडतो तिलाच ब्राउझर म्हणतात. त्याच खिडकीत, काही विकत न घेता आणि काही उतरवून न घेता, एका टिचकीसरशी जो सुरू होतो तो ब्राउझरचा खेळ. कचेरीत साहेबांची पाठ वळताच कारकून जो उघडतो आणि त्यांची पावले वाजताच मिटतो, तो हाच. खेळ लहान असतो, पाच मिनिटांत संपतो, आणि म्हणूनच त्याची कुणी गंभीरपणे दखल घेत नाही. पण तो कुणीतरी रात्री जागून केलेला असतो.

खेळ करावयाचा तर अवजार लागते. चित्र हलले पाहिजे, आवाज वाजला पाहिजे, कळ दाबली की बाहुलीने उडी मारली पाहिजे. हे सारे पहिल्या अक्षरापासून स्वतः लिहीत बसणे म्हणजे सदरा शिवण्यासाठी कापूस पेरण्यापासून आरंभ करणे होय. म्हणून एखादा अवजार घडवतो आणि बाकीचे त्यावर खेळ रचतात. अशा अवजारांत ‘फ्लॅश’ला जे नाव मिळाले ते दुसऱ्या कुणाला मिळाले नाही, आणि फ्लॅशसाठी जितकी माणसे हळहळली तितकी दुसऱ्या कुठल्याही अवजारासाठी हळहळली नसतील.

फ्लॅशच्या जन्माची कथा ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जोनाथन गे नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी आणि त्यांच्या ‘फ्यूचरवेव्ह’ कंपनीने प्रथम ‘स्मार्टस्केच’ नावाचे चित्र काढण्याचे साधन केले. ते लेखणीने चालणाऱ्या संगणकासाठी होते, आणि तो संगणक ज्या प्रणालीवर चाले ती ‘गो’ नावाच्या दुसऱ्याच एका कंपनीची होती. १९९४ साली एटी अँड टी या बलाढ्य कंपनीने ‘गो’ विकत घेतली आणि बंद करून टाकली. पाटीच गेली, तेव्हा पेन्सिलीचे काय करावयाचे? गे यांनी तेच साधन मोडून-जोडून हलत्या चित्रांचे केले, १९९६ साली ते ‘फ्यूचरस्प्लॅश अॅनिमेटर’ या नावाने बाजारात आणले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मॅक्रोमीडिया कंपनीने ते विकत घेऊन त्याचे नाव फ्लॅश असे आटोपशीर केले. दुसऱ्याच्या अंगणात मांडव घातला की अंगणवाला वाटेल तेव्हा फाटक लावू शकतो, हे ज्याने प्रत्यक्ष भोगले होते त्याच्याच अवजारावर पुढे हजारो लोकांनी आपापले मांडव उभारले. दैवगतीला विनोद कळतो म्हणतात तो असा.

ते दिवस या धंद्यातले सुगीचे दिवस होते, असे म्हटल्यास वावगे होऊ नये. टॉम फुल्प यांच्या ‘न्यूग्राउंड्स’ या संकेतस्थळावर २००० सालापासून कुणीही उठावे आणि आपला खेळ मांडावा, अशी सोय झाली. निवड संपादक करीत नसे. खेळणारेच गुण देत आणि नापसंत खेळ काढून टाकला जाई. मांडणाऱ्यांत शाळकरी वयाची पोरे पुष्कळ होती. त्यांच्यात उनाडपणा होता, वाह्यातपणा होता, रक्ताचे पाट वाहवण्याची हौसही होती. हे लपवण्यात अर्थ नाही. परंतु त्याच फ्लॅशवर प्रागमधल्या कलाशाळेतील याकुब द्वोर्स्की या विद्यार्थ्याने २००३ साली आपल्या पदवीसाठी ‘सामोरोस्ट’ केला. शेवाळलेल्या ओंडक्यांच्या ग्रहावर राहणारा एक पांढऱ्या कपड्यातला बुटका, आणि त्याच्या ग्रहावर येऊन आदळू पाहणारा दुसरा ग्रह; एवढीच गोष्ट, पण पाहणाऱ्याला आपण कुणाच्या तरी स्वप्नात शिरलो असे वाटावे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१२ साली आपल्या संग्रहासाठी पहिले चौदा संगणकीय खेळ निवडले, तेव्हा त्यांत ‘फ्लो’ आणि ‘कनाबाल्ट’ असे दोन खेळ होते. दोन्ही मूळ फ्लॅशवर केलेले आणि ब्राउझरमध्ये फुकट खेळावयाचे.

पोट कसे भरे, हेही सांगितले पाहिजे. खेळ फुकट असला तरी ज्या संकेतस्थळांवर लोक खेळावयास येत, त्यांना नवे खेळ हवे असत. खेळाच्या आरंभी आपली निशाणी झळकावी म्हणून ती स्थळे कर्त्याला एकरकमी पैसे देत. २००७ साली तर अशा व्यवहारांसाठी एक स्वतंत्र बाजारच निघाला; कर्त्याने खेळ दाखवावा आणि संकेतस्थळवाल्यांनी बोली लावावी. कुणी यात गबर झाले असे नव्हे. पण एकटा माणूस आपल्या खोलीत बसून, कुणाची चाकरी न करता, चार महिन्यांचे भाडे निघेल असा खेळ करू शकत होता. एकटेपणाने काम करणाऱ्या माणसाला ही केवढी मिळकत वाटते, ते कादंबऱ्या लिहिणाऱ्याला वेगळे सांगावयास नको.

मग फाटक लागू लागले. मॅक्रोमीडिया २००५ साली अॅडोबीच्या पदरात गेली. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून, अॅपलच्या फोनवर फ्लॅशला जागा का नाही, याची कारणे दिली: ते फार वीज खाते, वारंवार कोसळते, त्यात चोरवाटा आहेत आणि ते एकाच कंपनीच्या मुठीत आहे. कारणे खोटी नव्हती. मात्र सांगणाऱ्याची स्वतःची मूठही काही सैल नव्हती. त्यांच्या दुकानातून खेळ विकावयाचा तर शंभरातले तीस त्यांचे. पुढच्याच वर्षी अॅडोबीने फोनवरच्या फ्लॅशचे काम थांबवले. जुलै २०१७ मध्ये तिने जाहीर केले की २०२० संपताच फ्लॅशही संपेल. आणि १२ जानेवारी २०२१ पासून लोकांच्या संगणकांवर आधीच बसलेल्या फ्लॅश प्लेयरने खेळ चालवण्याचेच नाकारले. तशी व्यवस्था त्याच्या आतच करून ठेवलेली होती.

या शेवटच्या गोष्टीपाशी मी थबकतो. लोहाराने दुकान बंद केले, नवा विळा मिळणार नाही, जुन्याला धार लावून मिळणार नाही, हे आपण समजू शकतो. दुकान जन्मभर चालवण्याची शपथ कुणी घेतलेली नसते. पण माझ्या घरात, माझ्या खुंटीवर टांगलेला विळा एका ठरलेल्या सकाळी आपण होऊन कापण्याचे सोडून देतो, हे जुन्या कुठल्याच अवजाराला साधले नव्हते. याचा अर्थ असा की, ज्याला आपण अवजार म्हणत होतो ते अवजार नव्हतेच. ती एक परवानगी होती. आपण वस्तू घेतली असे समजत होतो आणि घेतला होता तो दुसऱ्याचा शब्द.

अॅडोबीची बाजू मांडली नाही तर अन्याय होईल. फ्लॅशच्या चोरवाटांनी लोकांचे संगणक खरोखरच नासत होते, त्या बुजवता बुजवता कंपनी थकली होती, आणि उघडा दरवाजा तसाच टाकून निघून जाणे ही काही सज्जनाची रीत नव्हे. शिवाय साडेतीन वर्षांची सूचना दिली होती. भाड्याच्या जागेत घर बांधणाऱ्याने जागा सुटल्यावर रडू नये, असेही कुणी म्हणेल. मला ते पुरते पटत नाही. सोळा वर्षांचा मुलगा पहिली बाहुली हलवतो तेव्हा तो भाडेचिठ्ठी वाचत नसतो, आणि ती वाचता येऊ नये इतकी लांब कुणी ठेवली, हेही पाहिले पाहिजे. तथापि सक्ती कुणी केली नव्हती, हे खरेच.

आता दुसऱ्या लोहाराकडे वळू. ‘युनिटी’ हे अवजार मुळात मोठ्या खेळांचे, पण त्यावर केलेले खेळ ब्राउझरमध्येही चालतात. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या या कंपनीने लहान कर्त्यांना ते फुकट देऊन जगभर पाय पसरले. १२ सप्टेंबर २०२३ रोजी तिने अचानक जाहीर केले की, १ जानेवारी २०२४ पासून, ठरावीक उत्पन्न आणि ठरावीक संख्या ओलांडलेला कोणताही खेळ कुणी नव्याने आपल्या यंत्रावर उतरवून घेतला, की दर खेपेला कर्त्याने कंपनीला वीस सेंटपर्यंत आकार द्यावा. जे खेळ कित्येक वर्षांपूर्वी करून झाले होते त्यांनाही हा नियम लागू होणार होता. एकच गिल्ला झाला. दहा दिवसांत कंपनीने नियम पुष्कळ सौम्य केला, पुढच्या महिन्यात तिचे मुख्याधिकारी पायउतार झाले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो आकार साफ रद्द झाला.

त्या वेळी पुष्कळांनी असा युक्तिवाद केला की, हातोडा विकणाऱ्याने बांधलेल्या घरात वाटा मागणे हीच मुळी अनीती. इथे मला आपला गावगाडा आठवतो आणि मी अडखळतो. आपल्याकडे लोहार आणि सुतार विळ्याची, नांगराची किंमत रोख घेत नसत. सुगी झाली की खळ्यावर त्यांचे बलुते ठरलेले असे. म्हणजे अवजार घडवणारा पिकात वाटा मागत होता, आणि शेतकरी तो देत होता. (बलुत्यात जातीचा जो फास होता तो विसरून मी त्या व्यवस्थेचे गोडवे गात नाही. बलुतेदाराला गळ्यातला धंदा टाकून देण्याची सोय नव्हती, आणि हक्काच्या पसाभर दाण्यांसाठी खळ्याच्या कडेला ताटकळावे लागे ते त्यालाच.) पण नुसता व्यवहार म्हणून पाहिले तर त्यात दोन गोष्टी होत्या. वाटा पेरणीच्या आधी दोघांनाही ठाऊक असे. आणि वाट्याच्या बदल्यात लोहार वर्षभर बांधलेला असे. फाळ बोथट झाला की पाजवून देणे, विळ्याचा दांडा निखळला की बसवून देणे, हे त्याने करावयाचेच. युनिटीने वाटा मागितला म्हणून ती चुकली, असे मला वाटत नाही. कणसे भरल्यावर तिने खळ्यावर येऊन मापच बदलले, हे अनीतीचे होते. पेरणाऱ्याने जे जाणून पेरले त्याच्याशी तो बेइमानपणा होता.

या दृष्टीने पाहू गेले की फ्लॅशचाही न्याय जरा निराळा होतो. दुकान बंद करणाऱ्या लोहाराने काय करावयास हवे होते? मला वाटते, दोन गोष्टींपैकी एक. एक तर लोकांचे जुने काम नव्या अवजारावर नेऊन द्यावे, नाही तर निदान किल्ली ठेवून जावे.

पहिल्या गोष्टीचे उदाहरण शाळामास्तरांच्या ओळखीचे आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात २००७ साली ‘स्क्रॅच’ निघाले. रंगीत ठोकळे एकात एक अडकवून मुलांनी खेळ करावयाचे, असे ते साधन. आमच्या शाळेच्या संगणकखोलीतही सातवीची मुले त्यावर मांजर पळवतात आणि तास संपला तरी उठत नाहीत. तेथे दुसऱ्याने मांडलेला खेळ उघडून त्याचे ठोकळे पाहावेत, त्यात फेरफार करावा आणि मूळ कर्त्याचे नाव ठेवून पुन्हा मांडावा, अशी मुभाच आहे. वर्गात ज्याला कॉपी म्हणून छडी मिळाली असती त्याला तेथे शिकणे म्हणतात. हे स्क्रॅचसुद्धा २०१३ पासून फ्लॅशवर उभे होते. फ्लॅश जाणार हे दिसताच त्यांनी घर नव्याने बांधले आणि जानेवारी २०१९ मध्ये मुलांचे आधीचे खेळ उचलून तेथे नेले. लहान मुलांच्या लाखो वेड्यावाकड्या खेळांत टाकून देण्यासारखे काय होते, असा हिशेब त्यांनी केला नाही.

किल्लीची गोष्ट अधिक गमतीची आहे. फ्लॅशची फाइल आतून कशी रचलेली असते, याचे वर्णन कागदोपत्री होते, पण ते वाचून दुसऱ्या कुणी फ्लॅश चालवणारे यंत्र करू नये असे बंधन होते. २००८ साली अॅडोबीने ते बंधन उठवले. त्या वेळी तो धंद्याचा डाव होता. पुढे कुणाचे तरी श्राद्ध त्यावर निभावेल, हे कुणाच्या मनातही नसेल. आपल्याकडे मोडीची दप्तरे आहेत. मोडी लिहिणारे गेले, छापखान्याने बालबोध घेतली, आणि पणजोबांचे खतपत्र नातवाला मुंग्यांच्या रांगेसारखे दिसू लागले. पण कागद उरला होता आणि अक्षरे ओळखणारी चार माणसे उरली होती, म्हणून पेशवे दप्तर आजही बोलते. तसेच येथे झाले. हौशी मंडळींनी ‘रफल’ नावाचे एक नवे यंत्र करावयास घेतले. ते फ्लॅशची जुनी फाइल वाचते आणि आजच्या ब्राउझरला समजेल अशा रीतीने खेळवते. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये, म्हणजे फ्लॅश मिटण्याच्या आधीच, त्याच्या आधारे जुने खेळ मांडून ठेवले. ‘फ्लॅशपॉइंट’ नावाच्या दुसऱ्या एका खटाटोपात एक लाखाहून अधिक खेळ गोळा झाले. यांतल्या बहुतेकांनी पैसे घेतले नाहीत. मला या माणसांची गंमत वाटते आणि थोडा हेवाही वाटतो. स्वतःचे न लिहिता दुसऱ्याचे जपावयाचे, यासाठी लागणारे मन लेखकाकडे क्वचित असते.

आज ब्राउझरच्या खेळाला अवजार मिळवणे मुळीच अवघड राहिलेले नाही. ‘फेझर’ आहे, अर्जेंटिनात जन्मलेले आणि २०१४ पासून सर्वांना मोकळे असलेले ‘गोडो’ आहे, ‘जीडेव्हलप’ आहे. ती फुकट आहेत आणि त्यांची आतली रचनाही उघडी आहे. ‘कन्स्ट्रक्ट’सारखी काही वार्षिक भाड्याने मिळतात. हल्ली तर साध्या वाक्यात इच्छा सांगितली की यंत्र कामचलाऊ खेळ लिहूनही देते. या सर्वांच्या पायाशी जी वेबची जमीन आहे ती ३० एप्रिल १९९३ रोजी स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधनसंस्थेने सर्वांसाठी मोकळी केली. तिच्यावर कुणाचे बलुते नाही. जोश वॉर्डल या गृहस्थांनी आपल्या जोडीदारिणीसाठी केलेला ‘वर्डल’ हा शब्दांचा खेळ याच जमिनीवरचे एक साधे पान होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो लोकांपुढे आला आणि जानेवारी २०२२ च्या अखेरीस न्यूयॉर्क टाइम्सने तो दहा लाख डॉलरांहून अधिक देऊन घेतला. विक्रीची वार्ता येताच चतुर खेळगड्यांच्या लक्षात आले की, पुढच्या कित्येक वर्षांचे शब्द त्या पानातच आहेत. त्यांनी अख्खे पान आपल्या संगणकावर उतरवून ठेवले.

पण अशी गोष्ट लाखांत एखादी. फ्लॅशच्या काळी अवजार महाग होते, त्याला शेकडो डॉलर पडत, आणि चव्हाटा स्वस्त होता. आता अवजार फुकट आहे आणि चव्हाटा महाग झाला आहे. आगाऊ रक्कम देणारी जुनी संकेतस्थळे एकामागून एक मिटली. जुलै २०२० मध्ये ‘काँग्रिगेट’नेही नवे खेळ घेणे थांबवले. आता नेदरलँड्समधले ‘पोकी’, बेल्जियममधले ‘क्रेझीगेम्स’ अशी थोडी मोठी ठिकाणे आहेत. ती खेळ निवडून घेतात, सोबत जाहिराती दाखवतात आणि त्यांतला वाटा कर्त्याला देतात. लोक किती वेळ खेळले त्यावर वाटा, म्हणून खेळही तसेच होऊ लागले: न संपणारे, उठू न देणारे. पाच मिनिटांत संपून माणसाला आपल्या कामाला मोकळे सोडण्याचे जे सौजन्य जुन्या खेळांत होते, त्याला बाजारात आता किंमत नाही. यात कुणी मापे बदलली नाहीत. माप पेरणीपूर्वीच ठाऊक आहे, व्यवहार चोख आहे. पण लोहाराशी भांडणारा शेतकरी आता बाजाराच्या वेशीवर जागापट्टी भरणाऱ्यांच्या रांगेत उभा आहे, आणि त्या रांगेत नुसते चोख असणे पुरेल की नाही याची मला शंका आहे. ‘इच.आयओ’ नावाच्या एका ठिकाणी उलटी रीत आहे. तेथे विक्रीतले किती टक्के दुकानदाराने घ्यावे, ते खेळ करणारा स्वतः ठरवतो, वाटल्यास शून्यही. २०१३ पासून ते चालू आहे आणि अजून बुडालेले नाही.

खेळणाऱ्याचा हक्क मात्र या साऱ्या भांडणात कुणीच मांडला नाही. २००९ साली झिंगा कंपनीने फेसबुकवर ‘फार्मव्हिल’ हा शेतीचा खेळ आणला. एका काळी महिन्याला आठ कोटींहून अधिक माणसे तेथे नांगरणी-पेरणी करीत. ज्यांनी आयुष्यात विळा धरला नाही असे लोक पहाटे उठून वांगी सुकली का पाहत, शेजाऱ्याला खत पाठवीत आणि पाठवले नाही म्हणून रुसत. आपल्याकडेही अशी घरे होती. तो खेळ फ्लॅशवर होता, म्हणून ३१ डिसेंबर २०२० रोजी तो बंद झाला. खेळाचे सांगाडे रफलने किंवा आणखी कुणी जिवंत केले, तरी अकरा वर्षे राखलेले ज्याचे त्याचे शेत कंपनीच्या यंत्रांवर होते; खेळणाऱ्याजवळ त्याचा सातबारा नव्हता. मिटण्यापूर्वी कंपनीने लोकांना सुमारे तीन महिने आधी कळवले होते. पुष्कळांनी त्या महिन्यांतही पेरणी चालू ठेवली आणि शेवटच्या दिवशी पडद्याचे छायाचित्र तेवढे काढून ठेवले.